राहिलेले दोन दगड

शशी,

राहिलेले दोन दगड पाहून आले. निकाल सांगते, पण क्रमानं. मधलं गाळून शेवटाला उडी मारलेली तुला कधी चालली नाही. माझ्या प्रबंधाचं कच्चं पान वाचतानाही तू पहिल्याच ओळीवर बोट ठेवायचीस आणि विचारायचीस, "हे कुठून आनलं?"

तुझ्या शाळेची स्मरणिका निघते आहे. जन्मगाव, नोकरीची वर्षं, मागे कोण कोण, ते सगळं पल्लवीनं लिहून दिलंय. तुझ्या लेकीनं लिहिलंय, म्हणजे तपासूनच लिहिलं असणार. मला हेडसरांनी 'आठवणी' लिहायला सांगितल्या. 'ती' म्हणून लिहायला बसले तर दोन ओळींत प्रगतिपुस्तकातला शेरा झाला. कष्टाळू, प्रेमळ, मनमिळाऊ. मनमिळाऊ तू मुळीच नव्हतीस. तेव्हा तुलाच लिहिते.

वाचणाऱ्यांसाठी मात्र थोडं सांगायला हवं. आपण दोघी वाशीमच्या दोन वेगवेगळ्या शाळांत शिकवत होतो. चाळिशीच्या आसपास बाहेरून एम.ए.ला बसलो, मध्ययुगीन इतिहास आणि संस्कृती हा विषय घेऊन, आणि तिथून पुढे एकाच सरांकडे पीएच.डी.ला नाव घातलं. जिल्ह्यातले वीरगळ हा दोघींचा विषय. वेशीजवळ, शेताच्या धुऱ्या-बांधावर, देवळामागे जे कोरीव दगड उभे असतात ते. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत मेलेल्याला वर नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर पिंडीपुढे हात जोडून बसलेला तोच माणूस. सात-आठशे वर्षांपूर्वी गाव राखताना, गुरं राखताना कोणी मेला की त्याच्यासाठी असा दगड उभा करत. आज निम्म्या गावांत त्यांना शेंदूर लागलाय आणि कोणाचा दगड हे कोणाला माहीत नाही.

एम.ए.च्या वर्गात, डबा खाताना, मी तुला एक प्रश्न विचारला होता. आज तो विचारला नसता. "तुमच्या लोकाईचं या राजेरजवाड्यात काय हाये वं? तू कायले हा विषय घेतला?"

तू भाकरीचा तुकडा मोडलास, ठेच्याला लावलास, खाल्लास. मग म्हणालीस, "दगडावर नाव मेलेल्याचं राह्यते. दगड खानीतून काढला कोनं? घडवला कोनं? गाडीत घालून आनला कोनं? मले ते पाह्याचं हाये. तू पाह्य तुये पाटील."

आणि खरंच तसंच झालं. मी पाटील पाहिले: कोणतं गाव कोणाच्या अमलाखाली, कुठं गुरं पळवली गेली, कुठं गढी होती. तू हात पाहिलेस. एकाही पाथरवटाचं नाव कुठं कोरलेलं नाही, पण कोण घोड्याची मान कशी काढतो, कोण चंद्र-सूर्य कुठं ठेवतो, यावरून तू माणसं ओळखायला लागलीस. एकाला तू 'एकटांग्या' म्हणायचीस, कारण तो घोड्याचे पुढचे दोन पाय एकातच घडवायचा. "घाईचा होता," तू म्हणायचीस, "तुयासारखा." त्याचे दगड कुठं कुठं आहेत ते तू नकाशावर मांडलंस. सगळे नदीच्या अलीकडे, बैलगाडीच्या एका दिवसाच्या टप्प्यात. सरांना ही कल्पना आधी पोरकट वाटली होती. मलाही वाटली होती. मी ते तोंडावर बोललेही होते.

शनिवारी शाळा सुटली की तुझी स्कूटी. मागे मी, मांडीवर पाण्याची कॅन, खांद्याला कागदांची नळी. मानोऱ्याकडचे तांडे, इंझोरीकडची शेतं, इकडे माझ्या सासरकडची मेडशीची बाजू, सगळं आपण असं पालथं घातलं. एका गावात पारावरचा म्हातारा आपल्याला न्याहाळत होता.

"कोन्या व्हय तुमी?"

"मास्तरणी," तू म्हणालीस.

"थे समजलं. कोनाच्या?"

"सरकारच्या."

म्हातारा हसला, खाट टाकायला लावली, चहा मागवला. चहा आला तेव्हा तुझा कप आणि माझा कप एकसारखा आहे का, हे तू आधी पाहिलंस आणि मग प्यायलीस. मी ते पाहिलं. मी पाहिलं हे तू पाहिलंस. त्यावर आपण नंतर एक शब्द बोललो नाही. मी कधीतरी बोलायला हवं होतं, असं आता वाटतं. तेव्हा वाटायचं, विषय काढला तर तुला वाईट वाटेल. खरं म्हणजे अडचण मला झाली असती.

शेतातल्या बायकांची एक अट ठरलेली असायची. दगडाला हात लावायचा तर नारळ फोडा. तू बौद्ध, तू फोडायची नाहीस आणि मला फोडू नको असंही म्हणायची नाहीस. नारळ मी फोडायचा आणि खोबरं जास्त तू खायचीस. "इतिहासात प्रसाद चालते," असं वर सांगायचीस.

आपलं एक भांडण मात्र अर्धंच राहिलं, शेंदराचं. मी म्हणायची, गावकऱ्यांना विचारून, समजावून, गरम पाण्यानं शेंदराची खोळ उतरवावी. खाली अक्षरं असतील तर वाचता येतील. तू म्हणायचीस, हात लावू नको. मी म्हणायची, तू तर देव मानत नाहीस, तुला कशाचं एवढं? "देवाचं नाई वं. थ्या बाया दर अमावस्येले तेल-शेंदूर लावून राह्यल्या. नाव विसरल्या, पन दगड नाई विसरल्या. आपन वाचल्यावर लोक वाचतीन का लावतीन?" तरी तू चूक होतीस, असंच मला वाटतं.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

दगडाचा ठसा घ्यायची आपली पद्धत ठरलेली होती. दगड मऊ ब्रशानं धुवायचा. ओला जाड कागद त्यावर बसवायचा, ठोकत ठोकत खाचांत घालायचा. वाळत आला की शाईचा बोळा हलक्या हातानं फिरवायचा. उंच भाग काळा होतो, खोलगट पांढरा राहतो. आणि कागद उतरवला की तिथंच उभ्या उभ्या मागे पेन्सिलीनं लिहायचं: गाव, जागा, तारीख. "आधी नाव, मंग च्या," हा तुझा नियम. कितीही ऊन असो, कोणी कितीही आग्रह करो.

एकदाच मोडला तो नियम. स्कूटी दुरुस्तीला होती म्हणून आपण एसटीनं गेलो होतो. दिवस ढगाळ. कागद वाळेना. नदीअलीकडच्या गावात एक ठसा घेतला, नदीपलीकडच्या गावात दुसरा, दोन्ही ओलसरच उतरवले. ओल्या कागदावर पेन्सिल चालत नाही, कागद फाटतो. दोघींच्या फोनची बॅटरी संपलेली, म्हणून फोटोही नाहीत. तू म्हणालीस, घरी गेल्यावर लिहू. ठसे माझ्या घरी आले, कारण माझं घर स्टँडजवळ. दुसऱ्या दिवशी ओसरीत वाळले तेव्हा मी त्यांची नावं लिहिली. तू फोनवर विचारलंस, "नक्की ना?" मी म्हटलं, "मले काय दिसत नाई का?"

मी उलट लिहिली होती. याचं नाव त्याला, त्याचं याला.

ते आपल्याला कळायला चार वर्षं गेली. तोवर माझा प्रबंध होऊन पदवी मिळाली होती. त्या ठशांपैकी एकावर गुरांसाठी मेलेल्या माणसाबद्दल दोन ओळी आहेत. नदीपलीकडं गुरांचं केवढं मोठं ठाणं होतं, यावर मी त्या दोन ओळींच्या जोरावर चार पानं लिहिली. माझ्या तोंडी परीक्षेत नेमकं त्याच चार पानांचं कौतुक झालं. पदवीवर मला कॉलेजात जागा मिळाली आणि मी शाळा सोडली. तुझा प्रबंध मात्र मागे होता, कारण तुझ्याकडे दहावीचे वर्ग होते, आई अंथरुणावर होती, आणि तू प्रत्येक गोष्ट दोनदा करायचीस.

तुझा फोन आला तेव्हा मी पेपर तपासत होते.

"मंजू, आपन दगड बदलवले."

"कोनते?"

"ढगाळ दिवसाचे. माह्या नकाशात एकटांग्या एकदाच नदीपलीकडे जाऊन राह्यला. मले पटेना. नदी ओलांडून दगड नेनार थो? म्हून आज पाहून आली. पलीकडच्या घोड्याले दोन पाय हायेत, चांगले सुटे. एकटांग्याचा दगड अलीकडं हाये."

मी काय म्हणाले ते तुला आठवत असेल. तू विसरत नव्हतीस. मी म्हणाले, "कोन पाहून राह्यलं शशी? साठातले दोन दगड हायेत. तू तुये दुरुस्त कर, माह्यं राहू दे."

"माह्यं दुरुस्त केलं तर तुयं चूक हाये हे छापून येते. सर एकच, परीक्षक इचारन. तू पयले पत्र दे. मंग मी देतो."

"माह्यी नोकरी नवी हाये. दोन वर्सं कच्ची हाये. थांब ना तोवर."

तू थांबलीस. हे वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. तू पूर्ण झालेला प्रबंध कपाटात ठेवून थांबलीस. सर विचारायचे तर सांगायचीस, आई आजारी आहे. आई गेली तरी तू तेच कारण सांगत होतीस, असं मला सरांकडून कळलं. आपलं बोलणं मात्र बंद झालं. तू एकदाही मला परत पत्राचं विचारलं नाहीस आणि मी ते विचारलं जाईल या भीतीनं तुझा फोन उचलला नाही. माझी दोन वर्षं पूर्ण झाली, नोकरी पक्की झाली, तरी मी पत्र लिहिलं नाही. पक्क्या नोकरीतही माणसाला भीती वाटायला काहीतरी सापडतं. लोक हसतील, विद्यार्थी काय म्हणतील, पदवी परत घेतील. अशी कोणाची घेतल्याचं मी ऐकलेलं नव्हतं, तरी.

तुझा आजार मला बाजारात कळला, तुझ्या शाळेतल्या बाईंकडून. "तुमाले माहीत नाई?" असं त्यांनी ज्या सुरात विचारलं, तो सूर मला पुरला. घरी आले, पिशवी ठेवली आणि विद्यापीठाला पत्र लिहिलं. माझ्या प्रबंधातले दोन ठसे एकमेकांच्या जागी गेले आहेत. अमुक पानापासून अमुक पानापर्यंतचा निष्कर्ष मी मागे घेते. सात ओळी झाल्या. एवढ्या वर्षांचं ओझं सात ओळींत बसतं, याचा मला राग आला. प्रत सरांना पाठवली, दुसरी प्रत पर्समध्ये घातली आणि तुझ्या घरी आले.

तू खाटेवर बसून डाळिंब सोलत होतीस. मी आजाराचं काही विचारलं नाही, प्रत पुढं केली. तू चष्मा लावून सगळी वाचलीस आणि म्हणालीस, "पानाचा नंबर चुकला. एकशे बारा नाई, एकशे अकरापासून हाये."

मग डाळिंबाची वाटी माझ्याकडं सरकवलीस. झालं. एवढ्यावर आपलं भांडण मिटलं. मी माफी मागितली नाही. मागायची होती, पण तू इतक्या लवकर कामाला लागलीस की मागायला जागाच राहिली नाही.

विद्यापीठाचं उत्तर महिन्यानं आलं. दोन ओळी. आपले पत्र प्राप्त झाले. ते प्रबंधाच्या प्रतीसोबत जोडून ठेवण्यात येत आहे. त्या दोन ओळी मी तुला वाचून दाखवल्या. तू इतकी हसलीस की पल्लवी आतून धावत आली. "यासाठी तू दोन-अडीच वर्सं माह्या घरी आली नाई?" तू म्हणालीस. मलाही हसू आलं. कॉलेजात कोणी काही म्हणालं नाही. एका विद्यार्थिनीनं तेवढं विचारलं की मॅडम, ठसा कसा घेतात, शिकवाल का.

मग सगळी घाई सुरू झाली. तुझ्याकडं वेळ किती आहे ते डॉक्टरांनी पल्लवीला सांगितलं होतं, पल्लवीनं मला सांगितलं, आणि तुला ते आम्हा दोघींच्या आधी कळलं होतं. "मेल्यावर पदवी नोको," तू स्पष्ट म्हणालीस. "जित्तेपनी परीक्षा झाली पाह्यजे. प्रश्न माह्या तोंडावर इचारले पाह्यजेत. नापास झाली तरी चालन." टायपिंग, नकाशे, प्रती, सह्या. मी धावपळ केली, हे खरं. पण ते उपकार नव्हते. प्रबंध माझ्यामुळं कपाटात राहिला होता.

परीक्षा तुझ्या घरी, लॅपटॉपवर झाली. मागे दोन उशा, अंगावर तुझी निळी साडी. बाहेरच्या परीक्षकांनी बराच वेळ एकटांग्याबद्दल विचारलं. तू थांबत थांबत बोलत होतीस, पण एक उत्तर चुकवलं नाहीस. मग त्यांनी नको तो प्रश्न विचारला. प्रबंधात तुम्ही लिहिलंय की नावं लिहिताना आमच्याकडून दोन ठशांची अदलाबदल झाली. मग बाकीच्या ठशांची खात्री काय?

सरांनी मान खाली घातली. मी दाराशी उभी होते.

तू पुस्तकी मराठीत, सावकाश सांगितलंस, "साठांपैकी एकोणपन्नास दगड मी पुन्हा जाऊन पाहिले, सर. अकरा राहिले. प्रकृतीमुळे जाता आलं नाही. तेही बरोबर असतील असं मी म्हणणार नाही. न पाहता म्हणता येत नाही."

परीक्षकांनी समोरचा नकाशा पुन्हा उघडला. मग म्हणाले, "ही चूक तुमच्याच पद्धतीनं सापडली. ती नसती तर तुमची पद्धत बरोबर आहे हे मला एवढं पटलं नसतं." त्यांनी शिफारस केली, एक अट घालून: अकरा दगडांची पडताळणी करून परिशिष्ट जोडावं. ते मिळालं की पदवी.

लॅपटॉप बंद झाल्यावर मी तुला ओरडले. काय गरज होती अकरा सांगायची? तू उशीवर मान टाकलीस आणि म्हणालीस, "मंग आता कोन जाईन, तू का पल्लवी?"

मी गेले. प्रत्येक रविवारी, कधी सुटी टाकून. दगडासमोर जुना ठसा धरायचा आणि तुला फोन लावायचा. "घोडा पाह्य आधी," तू सांगायचीस. "मंग डाव्या कोपऱ्यातली फूट." पहिल्या चारला तू प्रश्न विचारून भंडावलंस. सहाव्यापासून पल्लवी तुझ्या कानाशी फोन धरायची. त्या अकरापैकी सात ठशांवरचं अक्षर माझं होतं. हे तुला माहीत होतं, मला माहीत होतं. दोघींपैकी कोणी ते म्हटलं नाही. एक जरी चुकला असता तर तुझा नकाशा पुन्हा उघडावा लागला असता आणि उघडायला तू असणार नव्हतीस. जाताना मी ठशावरचं अक्षर पुन्हा पुन्हा पाहायची. प्रत्येक दगडापासून परतताना मात्र एसटीत गाढ झोप लागायची.

"नववा बरोबर हाये," मी सांगितलं.

"मंग दहावा कवा?"

"ऐतवारी."

"पाहून ये."

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता तू गेलीस. मी वर्गात होते. तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं दहाव्या दगडाबद्दल झालं, याचं मला वाईट वाटायला हवं, असं लोक म्हणतात. मला नाही वाटत. आणखी एक सांगते, कोणाला आवडो न आवडो. पल्लवीचा फोन आला तेव्हा मला आधी हायसं वाटलं. शेवटच्या आठवड्यात ती तुझी कूस बदलायची तेव्हा तू आवाज करायची नाहीस, पण चादर मुठीत धरायचीस. ती मूठ आता सुटली, एवढंच मनात आलं. रडू नंतर आलं, आणि तेही घरी नाही, बँकेच्या रांगेत.

विहारात पुण्यानुमोदनाची तयारी चालली होती. तुझे भाऊ फ्लेक्सवरचा मजकूर घेऊन माझ्याकडं आले. "ताई, नावाआधी डॉक्टर लावाचं का? लोक लावा म्हनतात."

"नाई दादा. अजून दोन दगड राह्यले."

ते माझ्याकडं बघतच राहिले. बहिणीच्या मरणात ही बाई दगड काय मोजते, असंच त्यांना वाटलं असेल. पण पल्लवी मागून म्हणाली, "मामा, मावशी बरोबर म्हणते. आईनं लावू दिलं नसतं." फ्लेक्सवर नुसतं नाव आलं.

दहावा मेडशीजवळचा. तुरीच्या शेतात, कापणी चाललेली. शेतकऱ्यानं दगडाला टेकून पेंढ्या रचल्या होत्या. मी सांगितल्यावर त्यानं आणि त्याच्या बायकोनं एकेक करून उचलल्या. बायको म्हणाली, "पुन्हा येनार का? म्हंजे मी इथी नाई रचत." मी म्हटलं, आता काम पडणार नाही. ठसा धरला. ढालीची कड, घोड्याची शेपटी, खालची फूट, सगळं जागच्या जागी. सवयीनं फोन काढला आणि परत ठेवला.

अकरावा मानोऱ्यापलीकडच्या तांड्यावरचा. घरांना कुलपं. सगळा तांडा ऊसतोडीला गेलेला. शेळ्या घेऊन एक म्हातारी तेवढी मागे राहिलेली. तिला दगडाचं विचारलं तर म्हणाली, "तुमच्यासंगची जाड चष्म्याची बाई काहून नाई आली?"

मी सांगितलं.

तिनं शेळीचा कान धरून तिला बाजूला केलं, बसायला जागा दिली. मग म्हणाली, "मांगल्या साली आलती ना थे. एकटी. दगड तं वर टेकडावर. अर्ध्यात बसली बाभळीखाली. मी पानी देल्लं. म्हने, आज नाई होत वो माय, पुढच्या खेपीले पाह्यतो. मी म्हटलं, पोरं उसाहून आले का फोटू काढून देतीन. नाई म्हने. सोता पाह्याचं हाये."

म्हणजे तू आजारी असताना, कोणाला न सांगता, एसटी बदलून इथवर आली होतीस. मला म्हणाली नाहीस. म्हणाली असतीस तर मी तुला येऊ दिलं नसतं, हे खरं आहे. पण सोबत आले असते, हेही खरं आहे. तेव्हा आपण बोलत नव्हतो. एवढी एक गोष्ट मला दुरुस्त करता येणार नाही.

टेकडी चढले. पंधरा मिनिटं लागली. दगड दोन बोरींच्या मध्ये, थोडा कललेला. नळीतून ठसा काढला. मागे माझं अक्षर, तेच घाईचं, एका बाजूला झुकलेलं. घोडा पाहिला आधी. पुढचे दोन पाय सुटे. ठशातही सुटे. डाव्या कोपऱ्यात टवका उडालेला, ठशातही तिथंच, तेवढाच. अप्सरेच्या हातातल्या माळेत अकरा मणी, कागदावरही अकरा. मी दोनदा मोजले. तू सांगितलं असतंस म्हणून तिसऱ्यांदा मोजले. मग तिथंच खाली बसले. इतकं मोकळं मला माझ्या स्वतःच्या पदवीच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

गुरुवारी परिशिष्ट घेऊन विद्यापीठात गेले. खिडकीवरच्या माणसानं पानं उलटली.

"उमेदवाराची सही नाही."

"उमेदवार वारल्या. परीक्षा आधी झाली आहे."

"मग ही पडताळणी कोणाची?"

"माझी."

"तुम्ही त्यांच्या कोण?"

मैत्रीण म्हणणार होते. पण शेवटच्या पानावर, सर काय म्हणतील याचा विचार न करता, मी एक वाक्य घातलं होतं: दोन ठशांवरची चुकीची नावं मी लिहिली होती, उमेदवारानं नाही. प्रबंधात तू मला झाकायला लिहिलेल्या 'आमच्याकडून'ची गरज संपली होती. त्याला तेच वाक्य दाखवलं. त्यानं वाचलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "मग त्याच्याखाली सही करा."

केली.

अकराच्या अकरा बरोबर आहेत, शशी. एकटांग्या नदी ओलांडून कुठंच गेलेला नाही. तुझा नकाशा आहे तसाच राहील. परिशिष्ट जमा केलं, पोच घेतली. तिच्यावरचा शिक्का नीट उमटलाय, पाहूनच निघाले.